फरशीला हात दिसत नाही

नागमणी गुंडेटी बरी झाली आहे, हे तिच्या आधी तिच्या घरातल्या फरशीला कळलं.

सकाळची वेळ होती. ती ओट्याला टेकून कांदा चिरत होती आणि हसीना खाली बसून पीठ मळत होती. मोबाईल वाजला तसं हसीनानं पिठाचे हात पुसले आणि उठून तो नागमणीच्या डोळ्यांपुढं धरला. संदेश निवारा प्राधिकरणाचा होता. 'अभिनंदन. आपली स्वावलंबन पातळी सर्वसाधारण श्रेणीत पोहोचली आहे. त्यामुळे साहाय्यित घरासाठी आपण यापुढे पात्र नाही. जूनअखेरपर्यंत घर रिकामे करून पुढील गरजू व्यक्तीस संधी द्यावी.'

नागमणीनं तो दोनदा मोठ्यानं वाचला. हसीनानं विचारलं, कशाचं अभिनंदन करायलेत. नागमणी म्हणाली, "मी बरी झाले म्हणे." आणि सुरी ठेवायला ओट्यावरचा हात सोडला तर उजवा पाय वाकडा झाला. हसीनानं नेहमीसारखं उभ्या जागेवरून हात लांब करून तिची कंबर धरली. दोघींपैकी कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही.

सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या बाहेर, प्राधिकरणानं ही 'आधार वसाहत' बांधली होती. ज्यांना घर नाही आणि ज्यांचं शरीर धड चालत नाही, अशांसाठी. भाडं नाममात्र, दारं रुंद, कुठंही पायरी नाही. नागमणीला हे घर मिळालं तेव्हा ती शहरातल्या निवारागृहात होती. त्याआधी ती टॉवेलच्या कारखान्यात शिवणकाम करायची. कामावरून येताना रिक्षा उलटली आणि पाठीचा कणा दुखावला. मज्जारज्जू पूर्ण तुटला नाही, अर्धवट चेपला. डावा पाय परत आला, उजवा अर्धाच आला. त्या तळव्याखाली दगड आहे की गादी हे तिला कळत नसे आणि कधीही, काही कारण नसताना, तो पाय लाकडासारखा ताठ होऊन तिला खाली पाडत असे. भाऊ नरसय्या तिला 'थोडे दिवस' म्हणून निवारागृहात सोडून गेला आणि मग त्यानं फोन उचलणं बंद केलं.

हसीना शेख तिथं शेजारच्या खाटेवर होती. नागमणीपेक्षा वयानं बरीच मोठी. जन्मभर विड्या वळल्या, नवरा गेला, भाड्याची खोली रस्ता रुंदीकरणात गेली, हैदराबादच्या मुलाला सुनेच्या घरात आई नको होती. पहिल्याच आठवड्यात तिनं न विचारता नागमणीच्या डोक्यावर पाणी ओतून केस धुऊन दिले, कारण जटा बघवत नव्हत्या. तेव्हापासून दोघी एकत्र. घराची चावी मिळाली तेव्हा नागमणी हसीनाला म्हणाली होती, "आपा, तुमच्याशिवाय मी तिथं एक दिवस राहणार नाही." कागदोपत्री घर एकटीचं होतं. हसीना पाहुणी म्हणून आली आणि राहिली.

आता त्या फरशीबद्दल.

वसाहतीतल्या प्रत्येक घरात फरशीखाली एक पातळ थर होता. दाब पडला की तो अगदी बारीकशी वीज निर्माण करायचा. पाऊल कुठं पडलं, टाच आधी टेकली की चवडा, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार जाताना किती डगमगला, हे सगळं त्या विजेच्या चढउतारावरून कळायचं. माणसाची चाल त्याच्या सहीसारखी असते. संगणक महिनाभरात ती ओळखायला शिकायचा. ही फरशी बनवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. एकटा राहणारा माणूस पडला की क्षणात रुग्णवाहिकेला निरोप जायचा. वसाहतीतली कितीतरी माणसं त्यामुळं वाचली होती. पुढं कुणाच्या तरी डोक्यात आलं की फरशीला पडणं कळतं, तर सुधारणंही कळेल. मग चालीवरून प्रत्येकाचा स्वावलंबनाचा अंक निघू लागला. निवारागृहांत माणसं वाट बघत होती, घरं थोडी होती. ज्याचा अंक वर गेला त्यानं घर सोडायचं, ज्याला गरज आहे त्यानं यायचं. ऐकायला यात काही वावगं नव्हतं.

आणखी एक नियम होता. सुरुवातीला काही संस्थांनी आक्षेप घेतला होता की घरात कोण येतं-जातं हे सरकारनं का बघावं. म्हणून फरशीला शिकवलं गेलं होतं की ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याखेरीज दुसरी चाल जाणवली तर ती तत्काळ पुसून टाकायची.

म्हणजे हसीना त्या घरात रोज वावरत होती आणि फरशीच्या लेखी ती नव्हतीच.

* * *

वसाहतीच्या समन्वयक अपर्णा होटगीकर यांचं कार्यालय तळमजल्यावर होतं. नागमणी वॉकर घेऊन आणि हसीनाचा हात धरून तिथं गेली. मॅडमनी पडद्यावर आलेख उघडून दाखवला. वर्षभरापूर्वी नागमणी सतत पडत होती. मग पडणं कमी झालं, मग थांबलं. पावलं सरळ पडू लागली. सुरेख चढती रेघ होती.

नागमणी म्हणाली की पडणं थांबलं कारण पाय कधी दगा देतो हे आपांना आता कळतं आणि पडायच्या आधी त्या धरतात. रोज सकाळी तेल लावून पाय मोडून काढतात, न्हाणीत नेतात, गॅसपाशी उभं करतात. मॅडमनी मान हलवली. त्यांना ते माहीत होतं, त्या रोज बघत होत्या. पण अंक बदलणं त्यांच्या हातात नव्हतं.

"ताई, फरशीला पाय दिसतो," त्या म्हणाल्या. "कोपराला धरलेला हात तिला दिसत नाही. तो जमिनीला लागतच नाही ना."

मग हसीनाचं नाव सोबती म्हणून लावा, असं नागमणीनं सुचवलं. सोबती नोंदवता येत होता आणि तशी नोंद असली की अंक वेगळ्या पद्धतीनं मोजला जात होता. पण सोबती रक्ताचा नातेवाईक किंवा जोडीदार असावा लागे. मधे काही लोकांनी अपंगांच्या घरात भाडेकरू घुसवले होते, तेव्हापासूनचा हा नियम. मॅडमनी फेरतपासणीचा अर्ज भरून दिला.

फेरतपासणी प्राधिकरणाच्या मुख्य कार्यालयात झाली. तिथल्या लांब, गुळगुळीत पट्टीवरून चालायचं होतं, एकटीनं. नागमणी जिवाच्या आकांतानं, दात आवळून चालली, कारण पाच-सहा अनोळखी माणसांसमोर पडायची तिला लाज वाटत होती. शेवटाला पोहोचल्यावर तरुण तंत्रज्ञानं टाळी वाजवली. आपण काय करून बसलो हे तिला बाहेर रिक्षात बसताना कळलं.

त्यानंतर मदतवाहिनी. तिथला यंत्राचा आवाज अतिशय नम्र होता. तो तिचं सगळं ऐकून घ्यायचा, तिच्या भावना समजतात असं म्हणायचा आणि तिला पुन्हा अपर्णा होटगीकर यांच्याकडं जायला सांगायचा. मॅडम मुख्य कार्यालयाला लिहायच्या. मुख्य कार्यालय म्हणायचं, अंक बोलतो आहे. उन्हाळा चढत गेला. नागमणीचं डोकं सकाळपासूनच तापलेलं असायचं. एकदा तिनं हसीनाला म्हटलं की रिक्षा उलटली तेव्हासुद्धा मला एवढा राग आला नव्हता, कारण रिक्षानं मला अभिनंदन तरी म्हटलं नव्हतं.

* * *

एका दुपारी हसीना दुकानात गेली असताना नागमणीनं ठरवून अंग टाकलं.

तिनं जागा निवडली होती, जिथं आजूबाजूला काही टोकदार नव्हतं. वॉकर बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि कलंडली. कोपर सोलवटलं. थोडा वेळ तशीच पडून राहिली, मग सरपटत उठली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा पडली. रुग्णवाहिका आली नाही. मोबाईलवर संदेश आला, की नोंदवलेल्या हालचाली नैसर्गिक पतनाशी जुळत नाहीत. असे पुन्हा घडल्यास दिशाभूल समजून कारवाई करण्यात येईल.

मॅडमनी नंतर तिला कारण सांगितलं. खरोखर पडणारा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत पडू नये म्हणून धडपडतो. पावलं वेडीवाकडी आपटतात, बोटं फरशी पकडायला बघतात. ठरवून पडणारा आधी भार नीट एका बाजूला घेतो, शरीर स्वतःला सावरून खाली ठेवतं. तो फरक फरशीला कळतो. एवढं बारीक तिला कळत होतं.

हसीनानं कोपर बघून त्यावर हळद लावली. मग म्हणाली की मी वर्षभर तुला पडू दिलं नाही ते कशासाठी. नागमणी म्हणाली, घरासाठी पडले. त्यावर हसीना उठून गॅलरीत जाऊन उभी राहिली. त्या दिवशी दोघी वेगवेगळ्या जेवल्या.

याच सुमारास नरसय्या आला. घर जाणार असल्याचं त्याला कुठून कळलं ते त्यानं सांगितलं नाही. येताना मोसंबी आणली होती. खोली नीट फिरून बघितली, नळ सोडून पाण्याचा जोर बघितला. त्याचं म्हणणं सरळ होतं. तो सख्खा भाऊ, त्याचं नाव सोबती म्हणून लागू शकतं. तो आणि त्याची बायको इथं राहायला येतील, अंक वेगळा मोजला जाईल, घर वाचेल. फक्त एका खोलीत इतकी माणसं मावणार नाहीत, म्हणजे या बाईंना दुसरीकडं सोय बघावी लागेल. हसीना तिथंच बसली होती. तिच्याकडं न बघता तो 'या बाई' म्हणत होता.

नागमणीनं विचारलं, "अण्णा, मला न्हाणीत कोण नेणार?"

तो म्हणाला की बघू, काहीतरी करू, बाई ठेवू. नागमणीनं त्याला मोसंबी परत दिली नाहीत, पण जा म्हणून सांगितलं. जाताना तो म्हणाला की नियमानं तुझा मीच आहे, ती कोण लागते तुझी. हा प्रश्न नागमणीला नंतर कितीतरी दिवस टोचत राहिला.

हसीनानं मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी नागमणी झोपेतून उठली तर चहा करून झाकून ठेवलेला होता, वॉकर खाटेला लावून ठेवला होता, न्हाणीतली बादली भरलेली होती आणि हसीनाची पिशवी खुंटीवर नव्हती. फोन बंद होता. मॅडमना तिनं जाताना एवढंच सांगितलं होतं, की मी गेले म्हणजे पोरगी पडेल आणि पडली म्हणजे तिचं घर राहील.

तिचा हिशेब अगदी बरोबर निघाला.

नागमणी त्याच आठवड्यात पडू लागली. ओट्यापाशी, दारात, मोरीच्या कडेला. एका दुपारी न्हाणीतून बाहेर येताना पाय ताठ झाला आणि ती डोक्यावर पडली. शुद्ध हरपली. फरशीनं आपलं काम चोख केलं. रुग्णवाहिका इतक्या लवकर आली की डॉक्टरांनी त्या यंत्रणेचं कौतुक केलं. कपाळाला टाके पडले, मनगट मोडलं. ती दवाखान्यात असतानाच संदेश आला. आपली स्वावलंबन पातळी घटल्याचे आढळले आहे. घर रिकामे करण्याची सूचना मागे घेण्यात येत आहे. आपले अभिनंदन.

मॅडम भेटायला आल्या होत्या. त्यांनी तो संदेश वाचला आणि त्या खुर्चीत मागं टेकून बसल्या. म्हणाल्या की माझी या नोकरीत आता राहायची इच्छा उरलेली नाही. नागमणीला त्यांची दया आली नाही. ती म्हणाली, "नोकरी नंतर सोडा, मॅडम. आधी मला निवारागृहात घेऊन चला."

* * *

हसीना तिथंच होती, जुन्या खाटेच्या दोन खाटा अलीकडं. नागमणीचं कपाळ बघून तिनं तोंड फिरवलं. चल म्हटल्यावर नाही म्हणाली. मी त्या घरात पाय ठेवला की तुझा अंक वाढतो, आणि मी नाही ठेवला की तू अशी होतेस. मग मी करू काय, सांग.

नागमणीला हे उत्तर आधीच सापडलं होतं. दवाखान्यात पडल्या पडल्या छताकडं बघून सापडलं होतं. ती म्हणाली, "घरात नका ठेवू पाय. गॅलरीत या."

वसाहतीच्या गॅलऱ्या रुंद होत्या आणि तिथं साधी शहाबादी फरशी होती, मुकी. मॅडमच्या गाडीतून दोघी परत आल्या. हसीनानं आतून खाट ओढून बाहेर काढायची म्हटलं तर तिला आत जावं लागलं असतं, म्हणून शेजारच्या गायधनेंना हाक मारली. गायधने पूर्वी एसटीत कंडक्टर होते, मधुमेहानं दृष्टी गेली होती. ते चाचपडत आले, त्यांच्यामागं त्यांची बहीण आली. ही बहीण रोज डबा घेऊन यायची, भावाला इन्सुलिन टोचायची, त्याची दाढी करायची आणि जायची. गायधनेंनाही अभिनंदनाचा संदेश मागच्याच महिन्यात आला होता, हे नागमणीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. लाजेनं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. फरशीच्या मते त्यांना घरात वावरताना आता दिसत असावं.

खाट बाहेर आली. नागमणीनं दाराला कुलूप लावलं आणि खाटेवर बसली. हसीनानं तिचा पाय मांडीवर घेतला आणि तेल लावायला घेतलं. गायधनेंनी बहिणीला आपली खाटही बाहेर काढायला सांगितली.

कुणी काही जाहीर केलं नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरची एक मूकबधिर मुलगी आणि तिला सांभाळणारी मैत्रीण बाहेर आली. एक म्हातारा आणि त्याला रोज आंघोळ घालणारा त्याच्या जुन्या गिरणीतला सहकारी बाहेर आला. वसाहत एकट्या माणसांची म्हणून बांधली होती. त्या दिवशी दिसलं की तिथं एकटं फारसं कुणी राहतच नव्हतं. जो तो कुणाच्या ना कुणाच्या हातावर तगून होता, आणि ते सगळे हात रोज पुसले जात होते.

सकाळी यंत्रणेनं हाहाकार माजवला. एवढ्या घरांतल्या एवढ्या फरश्यांवर रात्रभर एकही पाऊल पडलं नव्हतं, आणि कुणी वसाहतीच्या फाटकातून बाहेर गेल्याची नोंदही नव्हती, कारण सगळे गॅलरीतच होते आणि गॅलरी फरशीच्या हद्दीत नव्हती. संगणकाच्या लेखी याचा एकच अर्थ निघत होता, की आतली सगळी माणसं निपचित पडली आहेत. रुग्णवाहिका आल्या, अग्निशमन दल आलं, वायुगळतीचे मुखवटे घातलेली माणसं जिने चढून वर आली. वर लोक गॅलरीत बसून पोहे खात होते.

मागोमाग प्राधिकरणाचे उपसंचालक आले. त्यांचं नाव धनंजय मुळेगावकर. घामाघूम झाले होते. आधी ते रागावले. यंत्रणेला फसवणं गुन्हा आहे, म्हणाले. नागमणी म्हणाली की आम्ही काही फसवलं नाही, आम्ही फक्त तिच्यावर पाय ठेवला नाही. मग ते समजुतीनं बोलू लागले. निवारागृहात किती लोक वाट बघताहेत, हे त्यांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं. नागमणीनं त्या खाटा कालच बघितल्या होत्या, तिथली काही माणसं नावानं ओळखत होती.

हसीना बोलली. "साहेब, त्यातलीच एक मी हाय. मला वेगळं घर नको. हिच्या घरात हिला धरून ऱ्हाते. तुमची एक खाट मोकळी होईल."

मुळेगावकरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या की हे मी तुम्हाला पत्रांतून सातत्यानं कळवत आले आहे. मुळेगावकरांनी नजर खाली घेतली.

ऊन चढू लागलं तशी गॅलरी तापली, आणि त्या उन्हात म्हातारे बसलेले बातम्यांच्या वाहिन्यांवर दिसणं साहेबांना परवडण्यासारखं नव्हतं. तिथल्या तिथं मुंबईला मंत्रालयात फोन झाले. जे झालं ते असं: प्रायोगिक तत्त्वावर, एका वर्षापुरतं, नात्याबाहेरचा सोबती नोंदवायला मान्यता. त्याची चाल फरशी पुसणार नाही. वर्षानंतर पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी, पुन्हा विचार. नियम कायमचा बदलायला समिती नेमावी लागेल आणि समितीला वेळ लागेल. नागमणीला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपल्याला आनंद होईल. तिला फक्त खूप थकल्यासारखं झालं. आपली माणसं आपली आहेत हे दरवर्षी उन्हात बसून सिद्ध करायचं, एवढंच तिच्या पदरात पडलं होतं.

मुळेगावकरांनी तिथंच खुर्ची मागवली आणि हातातल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर नोंदी घ्यायला सुरुवात केली. पहिली नागमणीची. सोबत्याचं नाव, वय, आधीचा पत्ता. मग ते अडले. नातं निवडल्याशिवाय यंत्र पुढं जात नव्हतं. त्यांनी पर्याय वाचून दाखवले. आई, बहीण, मुलगी, जाऊ, नणंद असं बरंच काही होतं आणि सगळ्यात खाली 'इतर' होतं.

नागमणी चिडली. ती म्हणाली, हे नाही चालणार, इतर काय इतर, वेगळा शब्द घाला. साहेब म्हणाले की तो घालायला पुन्हा मुंबईला लिहावं लागेल. ती म्हणाली, लिहा, मी बसते इथंच. मोडलेल्या मनगटाचा हात तिनं खाटेवर आपटला आणि कळ मस्तकात गेली.

हसीनानं तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"इतर लिवा, साहेब," ती म्हणाली. "तिला ऊन लागायलंय. मला तिला आत न्यायचंय."

त्यांनी 'इतर' दाबलं. हसीनानं कुलूप काढलं, नागमणीच्या कोपराखाली हात घातला आणि दोघी दारातून आत गेल्या.